पट्टा, माती आणि रांजण : ग्रीक पुराणकथा चित्रकथेत आणताना

सांगलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी वंडर वुमनची कॉमिक्स आणि पाताळाचा देव हेडिस व त्याची पत्नी पर्सिफोनी यांची वेबकॉमिक वाचून ग्रीक देवदेवतांच्या नादी लागली आहे, आणि आता दोघी मायलेकी मिळून ग्रीक कथांवर मराठीत एक चित्रकथा करू पाहत आहेत. कॉमिक्समध्ये आणि चित्रपटांत दिसते ते ‘खरे’ ग्रीक पुराण आहे का, आणि नसेल तर आपण मूळ म्हणून काय धरावे, असे त्यांनी विचारले आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी चित्रकथा लिहितो, रेखाटतो आणि इतरांच्या चित्रकथांचे संपादन करतो. त्यात ग्रीक कथांशी माझा वरचेवर संबंध आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘खरे’ ग्रीक पुराण असा एकच एक ग्रंथ कधीच नव्हता. होमर आणि हेसिअड हे जुने कवी, अथेन्सचे नाटककार, अपोलोडोरसच्या नावावर खपणारा रोमन काळातला कथासंग्रह आणि लॅटिनमध्ये लिहिणारा ओविड, हे सगळे मिळून कित्येक शतकांत पसरलेले होते, आणि प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे कथा वाकवली. हेराक्लिसचेच (रोमन नाव हर्क्युलिस) पाहा. अपोलोडोरसच्या संग्रहात तो वेडाच्या भरात स्वतःची मुले मारतो आणि त्या पापाचे क्षालन म्हणून बारा कामगिऱ्या पार पाडतो. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या युरिपिडीसच्या नाटकात मात्र तो कामगिऱ्या उरकून विजयी होऊन घरी येतो, आणि तेव्हा त्याला वेड लागते. घटना त्याच आहेत, फक्त क्रम उलटा आहे. पण पहिल्या कथेत कष्टांनी पाप धुतले जाते, तर दुसरीत आयुष्यभराचे कष्टही माणसाला वाचवू शकत नाहीत. वाल्मीकींचा राम आणि एकनाथांच्या भावार्थ रामायणातला राम यांत फरक आहे म्हणून आपण एकाला खोटा म्हणत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे एखादे कॉमिक ‘मुळाबरहुकूम’ आहे का हा प्रश्न मी विचारत नाही. बदल करणाऱ्याला आपण काय बदलतो आहोत हे ठाऊक होते का, आणि त्या बदलामुळे कथेत काही नवे उभे राहिले का, हे मी पाहतो.

हा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. उमेदवारीच्या काळात एका दिवाळी अंकासाठी मी पँडोराची, म्हणजे झाकण उघडून जगात दुःखे मोकळी सोडणाऱ्या ग्रीकांच्या पहिल्या स्त्रीची, चार पानी कथा रेखाटली होती. नक्षीदार पेटी, तिच्या कडीवर पँडोराची नाजूक बोटे, किंचित उघडलेल्या झाकणातून निसटणारे काळे धुराचे लोट, अशी ती चौकट मी मोठ्या हौसेने शाईत उतरवली. अंक निघाल्यावर संस्कृत आणि ग्रीक दोन्ही जाणणाऱ्या एका वृद्ध प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले की हेसिअडच्या कवितेत पेटी नाहीच, तिथे ‘पिथोस’ आहे, म्हणजे रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना रांजणाच्या जागी छोटी डबी घातली आणि तेव्हापासून युरोपभर पेटीच रूढ झाली. मी पुन्हा कागद घेऊन बसलो, आणि रांजण काढायला घेतल्याबरोबर सगळे चित्रच बदलले. पिथोस म्हणजे धान्य, तेल, मद्य साठवण्याचे भांडे. कधी कधी माणसाच्या उंचीचे, बहुधा जमिनीत अर्धे पुरलेले. त्याचे झाकण दोन बोटांनी उघडत नाही. कंबरेत वाकून, पाय रोवून, दोन्ही हातांनी ते बाजूला सारावे लागते. पेटी उघडणारी पँडोरा ही दागिन्यांच्या कुतूहलाने चाळवलेली मुलगी वाटते. रांजण उघडणारी पँडोरा घराची बेगमी पाहायला गेलेली गृहिणी आहे, आणि तिच्या हातून घरादाराचा साठा उधळला जातो. झाकण परत बसते तेव्हा फक्त आशा आत उरते, रांजणाच्या काठाखाली अडकून. वाड्याच्या मोरीत पुरलेला रांजण ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही चौकट समजावून सांगावी लागत नाही.

पँडोराचे आणखी एक वैशिष्ट्य तुमच्या मुलीच्या आवडत्या नायिकेशी थेट जोडलेले आहे. हेसिअड सांगतो की देवांचा राजा झ्यूस याच्या आज्ञेवरून कारागीर देव हेफायस्टसने ती मातीतून घडवली आणि प्रत्येक देवाने तिला एकेक देणगी दिली. ‘पँडोरा’ या नावातही सर्व आणि देणगी हेच दोन शब्द आहेत. पण ही सगळी सजावट माणसांना शिक्षा म्हणून होती. आता वंडर वुमन पाहा. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने हे पात्र लिहिले, एच. जी. पीटरने ते रेखाटले, आणि १९४१ साली ते ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात पहिल्यांदा छापले गेले. पुढच्या वर्षी तिच्या नावाने स्वतंत्र अंक निघाला, त्यात तिची जन्मकथा आहे. ॲमेझॉन या योद्ध्या स्त्रियांची राणी हिप्पोलिटा मातीची मुलगी घडवते आणि प्रेमदेवता अफ्रोडाइटी त्या मूर्तीत प्राण फुंकते. ती अफ्रोडाइटीसारखी सुंदर, अथीनासारखी शहाणी, हर्क्युलिसहून बलवान आणि मर्क्युरीहून चपळ असल्याचे सांगितले जाते. म्हणजे देवांच्या देणग्यांनी घडलेली मातीची स्त्री इथेही आहे. फक्त ती घडवणारी आई आहे, आणि तिला जगात पाठवले जाते ते मदतीसाठी. पँडोरेची कथा पायापासून उलटी करून उभी केली आहे. मार्स्टनच्या लेखनातल्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण हा उलटा फेर मला चित्रकथेच्या इतिहासातल्या सर्वांत बुद्धिमान बदलांपैकी एक वाटतो.

पट्ट्याचेही तसेच. हेराक्लिसची नववी कामगिरी म्हणजे हिप्पोलिटाचा पट्टा आणणे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ योद्ध्याचा कंबरपट्टा असा आहे, आणि तो तिला युद्धदेव आरेसने तिच्या श्रेष्ठत्वाची खूण म्हणून दिलेला आहे. अपोलोडोरसच्या संग्रहात ती तो पट्टा आपखुशीने द्यायला तयार होते. मग झ्यूसची पत्नी हेरा ॲमेझॉनचे रूप घेऊन, परके लोक आपल्या राणीला पळवून नेत आहेत अशी आवई उठवते, सशस्त्र स्त्रिया घोडे दौडवत किनाऱ्यावर येतात, आणि दगा झाला असे समजून हेराक्लिस हिप्पोलिटाला ठार मारून पट्टा काढून घेतो. मार्स्टनने या प्रसंगाचे टाके उसवून नवे घातले. त्याच्या कथेत पट्टा अफ्रोडाइटीने दिलेला आहे. द्वंद्वात हरलेला हर्क्युलिस प्रेमाचे नाटक करून तो लांबवतो आणि सगळ्या ॲमेझॉनांना बेड्या घालतो. अफ्रोडाइटी त्यांची सुटका करते, पण पुरुषांच्या अधीन झाल्याची आठवण म्हणून मनगटांवर कडी कायम वागवावीत, अशी अट घालते. डायना, म्हणजे वंडर वुमन, ज्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या अडवते ती हीच. आणि तिचा सोनेरी फास त्याच पट्ट्याच्या बारीक कड्यांपासून बनलेला आहे. ग्रीक वीराच्या लुटीतली वस्तू लुटल्या गेलेल्या राणीच्या लेकीच्या हातात येते, आणि तिने बांधलेल्या माणसाला तिचे ऐकावे लागते. खोटे पकडणाऱ्या यंत्रामागच्या रक्तदाब-चाचणीवर मार्स्टनने काम केले होते. पुढे फासाला सत्य वदवण्याचा गुण चिकटला तेव्हा वाचकांना हा दुवा सहज आठवला.

१९८७ साली जॉर्ज पेरेझने ग्रेग पॉटर आणि लेन वाइन यांच्या साथीने ही मालिका नव्याने सुरू केली. ग्रीक कथांचा इतका मनापासून अभ्यास करून केलेले मुख्य प्रवाहातले अमेरिकन कॉमिक मला दुसरे ठाऊक नाही. रोमन मार्सच्या जागी ग्रीक आरेस आला. ॲमेझॉनांच्या बेटाला थेमिस्कीरा हे नाव मिळाले, जे ग्रीक लेखकांनी काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, थर्मोडॉन नदीपाशी असलेल्या त्यांच्या नगराला दिले होते. (ती जागा आजच्या तुर्कस्तानात आहे, आणि ग्रीक कथांत ते बेट नाही.) पेरेझच्या कथेत पुरुषांच्या हिंसेला बळी पडलेल्या स्त्रियांचे आत्मे देवी सांभाळून ठेवतात आणि त्यांनाच ॲमेझॉन म्हणून नवा जन्म देतात. मूळ ग्रीक कथांत असे कुठेही नाही. पण बदल करताना ग्रीक कथांत मारल्या गेलेल्या, पळवल्या गेलेल्या स्त्रियांची सगळी यादी पेरेझच्या डोळ्यांपुढे होती, हे पानापानावर जाणवते. ग्रीक वातावरणात ‘डायना’ हे रोमन नाव कसे, याचेही उत्तर त्याने दिले : बेटावर विमान कोसळून आलेल्या आणि ॲमेझॉनांसाठी लढताना मेलेल्या एका मानवी स्त्रीचे ते नाव.

याउलट २०११ नंतरच्या मालिकेत ब्रायन अझरेलो आणि क्लिफ चिअँग यांनी मातीची कथा हे हेराच्या मत्सरापासून वाचण्यासाठी सांगितलेले खोटे ठरवले आणि डायनाला झ्यूसची मुलगी केले. २०१७च्या चित्रपटानेही तीच वाट धरली. त्या मालिकेतले देवांचे रूप मला फार आवडते : डोक्यावर जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट असलेला, ओघळलेल्या मेणाने डोळे झाकलेला, लहान मुलाच्या चणीचा हेडिस एकदा पाहिला की विसरत नाही. पण जन्मकथेतला बदल मला चुकीचा वाटतो. पर्सिअस, हेराक्लिस, हेलन, सगळी झ्यूसचीच मुले. त्या रांगेत आणखी एक उभी करून काय साधले? आईच्या हातची माती आणि आईची इच्छा, एवढ्यावर जन्मलेली वीरांगना ही तिची जागा त्यांनी काढून घेतली. मराठी वाचकाला हे एका वाक्यात सांगता येते. शिव घरी नसताना पार्वतीने स्वतःच्या अंगाच्या मळातून पुत्र घडवला, ही कथा बदलून कोणी त्या मुलाचा गुप्त पिता शोधून काढला, तर कथेतले नेमके काय हरवेल हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल.

चित्रे काढायला बसाल तेव्हा ॲमेझॉनांसाठी कॉमिक्सकडे न पाहता ग्रीक मातीच्या भांड्यांकडे पाहा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ॲमेझॉन धनुष्य ओढण्यासाठी एक स्तन कापून टाकत, ही त्यांच्या नावाची फोड करून रचलेली समजूत आहे. ग्रीक चित्रकारांनी त्यांना तसे कधी दाखवले नाही. भांड्यांवर त्या नक्षीदार विजारी, टोकदार टोप्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या ढाली, कुऱ्हाडी आणि धनुष्ये अशा स्किथियन, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार टोळ्यांच्या, थाटात दिसतात, आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात शस्त्रांसह पुरलेल्या स्त्रियांच्या कबरीही सापडल्या आहेत. एक भांडे मात्र नीट, वेळ देऊन पाहा : एक्झेकिअस या चित्रकाराने इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमारास रंगवलेला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला कुंभ. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलिस ॲमेझॉनांची राणी पेंथेसिलिया हिच्या गळ्यात भाला खुपसतो आहे. त्याचा चेहरा शिरस्त्राणाने पूर्ण झाकलेला आहे, फक्त डोळा दिसतो. तिचे शिरस्त्राण मागे सरकल्याने चेहरा उघडा आहे. ती गुडघ्यावर कोसळलेली, वर वळून त्याच्या डोळ्यांत पाहते आहे. दोघांच्या शेजारी त्यांची नावे लिहिली आहेत. कथा सांगते की त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडला. एक चौकट, दोन नावे, संवादाचा फुगा नाही, आणि सगळी कथा त्या दोन नजरांत आहे. आम्ही चित्रकथाकार याच कौशल्यासाठी आयुष्य घालवतो.

आता हेडिस, कारण तुमच्या मुलीचा मुख्य प्रश्न तोच दिसतो. १९९७च्या डिस्नेच्या चित्रपटात हेडिस कारस्थानी खलनायक आहे आणि हेरा हर्क्युलिसची प्रेमळ आई आहे. दोन्ही गोष्टी ग्रीक कथांच्या नेमक्या उलट आहेत. हेराक्लिसचा आयुष्यभर छळ करणारी देवी हेराच आहे. हेडिस तर वाटणीत पाताळ वाट्याला आलेला भाऊ. होमरच्या ईलियडमध्ये पोसायडन स्वतः सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, समुद्र मला मिळाला, अंधार हेडिसला आणि आकाश झ्यूसला. तो कठोर आहे, कोणाला परत सोडत नाही, पण कपटी नाही. त्याला सैतानाचे रूप चढले ते ख्रिस्ती कल्पनेतल्या नरकाची सावली त्याच्यावर पडल्यामुळे. इथे मराठी लेखकाला एक सोय आहे : आपल्याकडे यम हा धर्मराज आहे, नचिकेत्याला वर देणारा आहे. हेडिस कसा बोलेल हे ठरवताना सैतानापेक्षा यमाची आठवण ठेवलीत तर तुम्ही ग्रीकांच्या जवळ राहाल.

२०१८ ते २०२४ या काळात वेबटूनवर चाललेल्या रेचेल स्माइथच्या ‘लोर ऑलिंपस’ने हेडिसला पुन्हा माणसात आणले, ही चांगली गोष्ट झाली. प्रत्येक देवाला अंगभर एकच रंग देण्याची तिची युक्ती तर शिकण्यासारखी आहे : निळा हेडिस, गुलाबी पर्सिफोनी, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर बोटाने वर सरकवत वाचतानाही कोण बोलते आहे ते क्षणात कळते. परंतु तुमच्या मुलीने पर्सिफोनीची आई, धान्यदेवी डिमीटर, हिचे प्राचीन स्तोत्रही वाचावे. त्यात केंद्रस्थानी प्रेमकथा नाही, आई आहे. मुलीला तिच्या बापाच्या, झ्यूसच्या संमतीने पळवून नेले जाते, आईला कोणी विचारतही नाही. डिमीटर म्हातारीचे रूप घेऊन एल्युसिसच्या विहिरीपाशी येऊन बसते, आणि पुढे शेते पिकणे बंद होते, देवांना बळी मिळेनासे होतात, तेव्हाच झ्यूस हालतो. डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे पर्सिफोनीला वर्षाचा तिसरा हिस्सा खाली राहावे लागते, उरलेले दोन हिस्से ती आईपाशी असते. आजच्या प्रेमकथांत डिमीटर ही लेकीला मोकळे न सोडणारी त्रासदायक आई होऊन बसते. कथेला नायक हवा म्हणून आईचे दुःख बाजूला सारले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. माहेरवाशिणीच्या येण्याजाण्यावर ओव्यांमागून ओव्या रचणाऱ्या भाषेत ही कथा आईच्या बाजूने सांगता येईल, आणि मायलेकींनी मिळून केली तर ती तुमच्या हातून फार चांगली होईल असे मला वाटते. पहिली चौकट विहिरीपाशी बसलेल्या म्हातारीची घ्या.

केसांच्या जागी साप असलेल्या, पाहणाऱ्याचा दगड करणाऱ्या मेड्युसाबद्दल थोडेच सांगतो. पोसायडनने अथीनाच्या देवळात तिच्यावर बळजबरी केली आणि शिक्षा मात्र तिलाच झाली, ही आज सर्वत्र फिरणारी कथा ओविडची आहे. हेसिअडच्या काव्यात ती जन्मतः गॉर्गन आहे, तिघी बहिणींतली एकटी मर्त्य. दोन्हींतून निवड जरूर करा, पण दोन्ही एकत्र कालवू नका. सर्वांत जुन्या चित्रांत तिचा चेहरा सुंदर नाही : रुंद, समोर पाहणारा, सुळे असलेला, जीभ बाहेर काढलेला, ढालीवर किंवा देवळावर अरिष्ट दूर ठेवण्यासाठी कोरलेला. आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख ज्या कामासाठी असते, तेच तिचे काम. १९८१च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटात राजकन्या अँड्रोमेडाला गिळायला येणारा ‘क्राकेन’ मात्र ग्रीक नाही, नॉर्वेच्या समुद्रातला आहे. तो चित्रकथेत आणू नका.

नावांचा निर्णय पहिल्या पानाआधी घ्या आणि मग पाळा. अमेरिकन कॉमिक्समध्ये ग्रीक आणि रोमन नावांची सुरुवातीपासून सरमिसळ आहे. १९४०च्या कॅप्टन मार्व्हलचा ‘शझाम’ हा मंत्र सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलस, झ्यूस, अकिलिस, मर्क्युरी यांच्या आद्याक्षरांचा आहे, म्हणजे एक यहुदी राजा, दोन रोमन नावे आणि तीन ग्रीक. मंत्राला ते शोभते. तुमच्या कथेत मात्र झ्यूसची पत्नी जूनो आणि मुलगा हर्क्युलिस असे झाले तर वाचक अडखळेल. ग्रीक नावे घ्या : हेराक्लिस, आर्टेमिस, हर्मीस. अक्षरलेखन करताना ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांच्या चंद्राकडे लक्ष असू द्या. लहान फुग्यात तो हमखास वरच्या ओळीला चिकटतो.

आपण परक्यांनी या कथांना हात लावावा का, असा संकोच तुमच्या पत्राच्या शेवटी दिसला. तो सोडून द्या. गांधारच्या शिल्पकारांनी हेराक्लिसचे पिळदार शरीर आणि सिंहाचे कातडे उचलून बुद्धाचा रक्षक वज्रपाणी घडवला, त्याला आता अठराशे वर्षे होत आली. १९८६ साली जपानमध्ये मासामी कुरुमादाने अथीनासाठी लढणारी चिलखतधारी मुले ‘सेंट सेया’त आणली आणि लाखो वाचकांना ग्रीक नक्षत्रांची नावे पाठ झाली. आणि तुमच्या अगदी शेजारी, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती इकडे आली. सांगलीहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पाहून होईल. मुलीला वही आणि मऊ पेन्सिल घेऊन जायला सांगा, आणि फोटोंत सहसा दिसत नाही ती मूर्तीची पाठ आणि खांद्यांची ठेवण जमेल तेवढी उतरवून घ्यायला सांगा. पोसायडन पाण्यातून वर येतानाची चौकट काढायची वेळ येईल तेव्हा तीच रेखाटने उपयोगी पडतील.